तळ्यावरचे पाहुणे खातात तरी काय?

दिवाळी सरली, धान कापून झालं. कुणाचे पुंजणे अजून बांधीतच आहेत, कुणाची मळणी चालू आहे. सकाळी अंगणात शेकोटी पेटायला लागली आहे. आणि याच दिवसांत आपल्या भंडारा-गोंदियाच्या तळ्यांवर पाहुणे उतरतात. आज त्यांच्याविषयीच बोलायचं आहे.

आम्ही म्हणजे तळ्याकाठच्या एका गावातल्या दोन बचत गटांच्या बाया. आमच्यातल्या निम्म्याहून अधिक घरांचं पोट मासोळीवर चालतं. गेल्या आषाढात आम्ही दोन्ही गटांनी अंतर्गत कर्जातून छत्तीस हजार रुपये काढले आणि गावच्या मच्छीमार संस्थेबरोबर भागीत तळ्यात मत्स्यबीज सोडलं. रोहू, कटला आणि मृगळ. पैसे परत यायचे ते उन्हाळ्यात मासोळी निघेल तेव्हा.

कार्तिक लागला आणि तळ्यावर बदकांचे थवे उतरले. संस्थेच्या लोकांचा निरोप आला : बदकं आपलं बीज खाऊन टाकतील, रोज सकाळ-संध्याकाळ फटाके फोडून हाकलावी लागतील, गटांनी दोन हजार रुपये वर्गणी द्यावी. शिवाय तळ्यातलं गवत सगळं काढून टाकायचं, म्हणजे बदकं बसणारच नाहीत.

मंगळवारच्या बैठकीत बऱ्याच जणी पैसे द्यायला तयार होत्या. छत्तीस हजार पाण्यात आहेत, तिथे दोन हजारांचं काय! पण आमच्या गटाचा एक नियम आहे. कर्ज मागणाऱ्या बाईचं घर आधी पाहून यायचं, मग पैसे द्यायचे. तोच नियम इथे लावला. आधी बदकं काय खातात ते पाहू, मग वर्गणीचं ठरवू.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका पहाटे आम्ही नऊ जणी निघालो. वनरक्षक भाऊंकडून एक दुर्बीण मागून आणली होती. स्वेटरवर शाल, कानाला रुमाल, तरी दात वाजत होते. गटातल्या काकू वाटेत म्हणाल्या, “बदकं मासोळ्याच खातेत ना बाई, मंग पाहाचं कायले?” त्यांचं सगळं आयुष्य जाळं विणण्यात गेलेलं. त्यांना उलट बोलायची आमची हिंमत नव्हती.

पाळीवर पोचलो तेव्हा तळं दिसतच नव्हतं. पाण्यावरून वाफ उठत होती. रात्री हवा लवकर गार होते, पाणी मात्र दिवसाची ऊब धरून राहतं. त्या उबदार पाण्याची वाफ गार हवेत आली की तिचं धुकं होतं. म्हणून आधी कानांनीच पाहावं लागलं. धुक्यातून बारीक शिट्टीसारखे आवाज येत होते, एकामागून एक. काकू लगेच म्हणाल्या, “अडई आहेत.”

अडई म्हणजे शिट्टी मारणारं लहान तपकिरी बदक. हे काही परदेशी पाहुणं नाही. ते इथलंच, बारा महिने राहणारं. झाडाच्या ढोलीतसुद्धा अंडी घालतं. रात्री धानाच्या बांध्यांत जाऊन सांडलेले दाणे, गवताचं बी, गोगलगायी खातं आणि दिवसा तळ्यात थव्यानं झोपा काढतं. आपण दिवसा पाहतो तेव्हा ते तळ्यात असतं, म्हणून आपल्याला वाटतं की ते तळ्यातलंच खातं. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोपलेलं पाहून आळशी म्हणावं, तशातलाच हा प्रकार.

सूर्य वर आला, धुकं फाटलं आणि पाणी पक्ष्यांनी भरलेलं दिसलं. आम्ही सूर्याकडे पाठ करून पाळीच्या खालच्या अंगाला बसलो. सूर्य समोर असला की सगळे पक्षी काळेच दिसतात. पाळीच्या माथ्यावर उभं राहिलं तर आकाशासमोर आपली आकृती उठून दिसते आणि थवा उडून जातो. पहिली दहा मिनिटं कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही असं ठरवलं होतं. नऊ बायांना दहा मिनिटं गप्प बसणं जड गेलं, पण जमलं.

मग आम्ही एकेक पक्षी धरून तो खाताना कसा वागतो ते पाहिलं. नाव माहीत नसलं तरी चालतं. चोच आणि वागणं पाहिलं की पक्षी काय खातो ते कळतं.

पहिला प्रकार, डोकं पाण्यात आणि शेपटी आकाशात करणारे. हे उथळ पाण्यात असतात. बुडी मारत नाहीत, नुसते उलटे होतात आणि पाण्याखालचं गवत, कंद, बी ओरबाडतात. यात लांब टोकदार शेपटीचं तलवार बदक होतं, तपकिरी डोक्याचं, मानेवर पांढरी रेघ असलेलं. पसरट, उलथन्यासारख्या चोचीचा थापट्या होता. त्याच्या चोचीच्या कडेला बारीक दात्यांची चाळणी असते. तो पाणी चोचीत घेतो, गाळतो आणि बारीक जीव व बी तेवढं पोटात ठेवतो. आपण गाळणीनं चहा गाळतो तसंच. आणि होतं आपलं हळदी-कुंकू बदक. चोचीच्या टोकाला पिवळा रंग, चोचीच्या मुळाशी कपाळाजवळ दोन लाल ठिपके. ज्यानं कुणी हे नाव ठेवलं त्यानं सवाष्णीचं कपाळ नीट पाहिलं असणार. हेही इथलंच राहणारं आहे.

दुसरा प्रकार, बुडी मारणारे. यात नारिंगी-लाल डोक्याची लालसरी होती. ती खोल पाण्यात जाते, पण कशासाठी? तळाच्या गवतासाठी. काळ्याभोर अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा वारकरी तर शेकड्यानं होता. कपाळावर टिळा लावल्यासारखा दिसतो म्हणून वारकरी, कुणी चांदवाही म्हणतात. तोही मुख्यतः पाला-गवतच खातो. टिबुकली मात्र वेगळी. मुठीएवढी, बुडाली की कुठे वर येईल सांगता येत नाही. ती पाण्यातले किडे, बेडकांची पिल्लं आणि बारीक मासोळीही खाते.

तिसरा प्रकार, पानांवरून चालणारे. कमळाच्या पानांवर लांबलांब बोटं टाकत कमळपक्षी चालत होता. याची गोष्ट आम्ही तिथेच सांगितली. यात मादी अंडी घालते आणि निघून जाते, दुसऱ्या नराबरोबर नवा संसार मांडते. अंडी उबवणं, पिल्लं वाढवणं, सगळं बाप करतो. हे ऐकून एवढा हशा झाला की जवळचे वारकरी पाण्यावरून धावत सुटले. एक वहिनी म्हणाली, “हे घरी सांगाले पाहिजे.”

चौथा प्रकार, खरे मासे खाणारे. पाणकावळे वाळलेल्या झाडावर पंख पसरून बसले होते. त्यांचे पंख पाण्यात भिजतात, म्हणून प्रत्येक बुडीनंतर वाळवावे लागतात. बगळे काठाला उभे होते, खंड्या फांदीवर टपून होता. हे मासे खातात, यात वादच नाही. काकूंचं म्हणणं इथे खरं होतं.

मग मोजणी केली. एकेक पक्षी मोजायला गेलं तर थवा हलतो आणि हिशोब चुकतो. आम्ही पेंढ्यांचा हिशोब लावला. आधी दहा पक्षी नीट मोजायचे, दहांचा घोळका किती जागा घेतो ते डोळ्यात भरायचं आणि मग तसे घोळके मोजत जायचं. तिघींनी वेगवेगळं मोजलं आणि मधला आकडा धरला. गटाच्याच वहीत मागच्या पानावर लिहिलं : एकूण सुमारे सहाशे चाळीस. त्यात मासे खाणारे पंच्याऐंशी. म्हणजे ज्या बदकांसाठी फटाके फोडायचे होते, ती बहुतेक गवत आणि बी खाणारी निघाली.

काकू थोडा वेळ वहीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “अन् हे पंच्याऐंशी? त्याहीचं पोट आपल्याच मासोळीनं भरते ना?”

प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तरही पाहूनच मिळालं. लहान पाणकावळा आख्खा मासा गिळतो, चावून खात नाही. त्याच्या घशातून जाईल तेवढाच मासा तो धरतो. आमचं बीज आषाढात सोडलेलं, कार्तिकात ते वीतभर झालेलं. सकाळभर पाणकावळ्यांच्या चोचीत आम्हाला दिसली ती बोटाएवढी जंगली मासोळी. बगळ्यांचंही तेच. नुकसान व्हायचं ते बीज अगदी लहान असताना होतं. म्हणून मत्स्यबीज घेताना जिरे स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नयेत. बोटाएवढी झालेली बोटुकली महाग पडते, पण जगते जास्त. दोन पैसे वाचवायला जाऊन बगळ्यांची पंगत उठवण्यापेक्षा हे बरं.

मग आमचं बीज कमी का वाटत होतं? परत येताना सांडव्याजवळ थांबलो तेव्हा एकीला आठवलं. श्रावणात तळं भरून वाहिलं तेव्हा सांडव्याखालच्या नाल्यात पोरं गमछ्यानं मासोळी धरत होती. “आपलीच होती वो ती,” ती म्हणाली. सांडव्याला जाळी लावलेलीच नव्हती. पहिल्या मोठ्या पावसात किती बीज वाहून गेलं, कुणास ठाऊक. दोन हजारांची जाळी तिथे हवी होती आणि आम्ही ते पैसे फटाक्यांना द्यायला निघालो होतो.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे, ती सांगायला बरं वाटत नाही. तळ्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यात रात्रभर टाकून ठेवलेलं नायलॉनचं जाळं होतं. त्यात तीन वारकरी आणि एक टिबुकली अडकून मेलेली होती. हे पक्षी गवतासाठी, किड्यांसाठी बुडी मारतात आणि पाण्याखालचं बारीक जाळं त्यांना दिसत नाही. धडपडीत जाळंही फाटलं होतं. जाळं आमच्याच एका मैत्रिणीच्या घरचं होतं. ती पाण्यात उतरली, पक्षी सोडवले, जाळं गोळा केलं. कुणी काही बोललं नाही. नंतर तीच म्हणाली, जाळ्याला भोकं पडली की घरचे मोठ्या मासोळीला शिव्या देत असत, पाखरांचा विचार कुणी केलाच नव्हता.

आता हे पाहुणे येतात कुठून आणि का, ते थोडक्यात सांगतो. तलवार बदक, थापट्या, लालसरी ही मध्य आशिया, सायबेरिया या भागांत जन्मतात. हिवाळ्यात तिकडची तळी गोठतात. खरी अडचण थंडीची नसते, त्यांच्या पिसांत ऊब भरपूर असते. पण बर्फाखालचं अन्न मिळत नाही, म्हणून ती हजारो किलोमीटर उडून येतात आणि फाल्गुनाच्या सुमारास परततात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हंस तर हिमालय ओलांडून येतो. तो सात हजार मीटरच्या वर उडाल्याची नोंद आहे. आपल्याकडे लेक बाळंतपणाला माहेरी येते. या पक्ष्यांचं उलटं आहे. अंडी-पिल्लं तिकडे आणि खाणं-विसावा आपल्याकडे.

आपल्याकडेच का? कारण आपल्याकडे तळी आहेत. आपल्या पूर्व विदर्भात सहा हजारांहून जास्त मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं यातले कितीतरी बांधले. धानाला पाणी मिळावं म्हणून पाळ कुठे घालायची, पाणी कसं वळवायचं, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. नवेगावबांधचं मोठं तळं त्यातलंच. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली, तळी सरकारकडे गेली आणि दर उन्हाळ्यात गाळ काढण्याची, पाळ नीट करण्याची गावाची सवय हळूहळू मोडली. मग काठाला बेशरम माजला, गाळ साचला, पाणी उथळ झालं.

तेव्हा गवत काढायचं की नाही, हा प्रश्न पुन्हा येतो. उत्तर असं की सगळं गवत एक नसतं. काठावर माजलेला बेशरम आणि पाण्यावर पसरणारी जलपर्णी काढायलाच हवी. बेशरम नुसता कापून उपयोग नाही. कापलेला तुकडा ओल्या मातीत पुन्हा रुजतो. उन्हाळ्यात पाणी आटलं की मुळासकट उपटायचा आणि काठापासून दूर वाळवायचा. पण पाण्याखालचं गवत, कमळ, देवधान ही तळ्याची आपली वनस्पती आहे. त्यात मासोळी अंडी देते, पिल्लं लपतात, किडे वाढतात आणि ते किडे मासोळी खाते. बदकांची विष्ठा पाण्यात पडते, तिच्या खतानं पाण्यातले सूक्ष्म जीव वाढतात. कटला तर त्यांच्यावरच पोसतो. गवत पूर्ण काढलं तर बदकं जातील हे खरं, पण मासोळीचं घरही जाईल. गवत्या मासा मोठ्या संख्येनं सोडला तरी तेच होतं. दोन-तीन वर्षांत तो तळ साफ करून टाकतो.

आमच्या गावात पुढे काय झालं? संस्थेच्या सभेला आम्ही गटाची वही घेऊन गेलो. सहाशे चाळीस आणि पंच्याऐंशी हे आकडे वाचले, सांडव्याची गोष्ट सांगितली. सगळ्यांना पटलं असं नाही. एक बुजुर्ग म्हणाले, “वहीत लिहून मासोळी वाढत नसते.” पण काकू उभ्या राहिल्या. त्या सभेत कधी बोलत नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या की मी डोळ्यानं पाहिलं, बदकं गवत खात होती, मीही आजवर उलटंच सांगत होते. शेवटी असं ठरलं : या वर्षी फटाके नाहीत. पूर्वेच्या कोपऱ्यात फाल्गुनापर्यंत कुणी जाळं टाकायचं नाही. इतर ठिकाणी जाळं टाकलं तर ते रात्रभर सोडायचं नाही. आणि ते दोन हजार रुपये सांडव्याच्या जाळीला. कोपरा सोडल्यानं चार घरांची मासोळी थोडी कमी होणार आहे, तो भार दोन्ही गटांनी वाटून घ्यायचा. उन्हाळ्यात मासोळी निघेल तेव्हा हिशोब कळेल. आमचे छत्तीस हजार अजून पाण्यातच आहेत, हेही तुम्हाला सांगून ठेवतो.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात तळं असेल तर एक सकाळ काढा. काय करायचं ते पुन्हा सांगतो.

मातकट, फिक्या रंगाचे कपडे घाला. भडक लाल-पिवळं नको. पिशवी कापडी घ्या, प्लॅस्टिकची सळसळ पक्ष्यांना लगेच कळते. सूर्य पाठीशी ठेवा. शंभर पावलांच्या आत जाऊ नका. पक्ष्यांनी माना ताठ केल्या की समजा, फार जवळ आलो, तिथेच थांबा. थवा उठवू नका. एवढा प्रवास करून आलेल्या जीवाला उगाच उडवलं तर त्याची ताकद वाया जाते. चोच कशी, पाणी खोल की उथळ, बुडी की उलटं होणं, एवढं पाहा. दहा-दहाच्या घोळक्यानं मोजा आणि तारीख घालून वहीत लिहा. दर महिन्याला एकदा केलंत तर पुढच्या वर्षी तुम्हाला स्वतःच कळेल की तळं सुधारतं आहे की बिघडतं आहे.

कुठे फासे लावलेले दिसले, किंवा विषारी औषध लावलेले दाणे टाकलेले दिसले, तर वनरक्षकाला कळवा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे या पक्ष्यांची शिकार गुन्हा आहे. आणि विषानं मेलेलं बदक कुणी स्वस्तात विकायला आणलं तर घेऊ नका. ते विष मांसात राहतं आणि आपल्या लेकरांच्या ताटात येतं. बांधीत सारसाचं घरटं दिसलं तर तेवढी जागा सोडून कापणी करा. महाराष्ट्रात सारस उरलाय तो मुख्यतः आपल्याच भागात.

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस. ते नवेगावबांधला वनाधिकारी होते आणि पक्ष्यांची मराठी नावं त्यांनी गोळा केली. १२ तारीख डॉ. सलीम अलींचा जन्मदिवस. जानेवारीत आशियातल्या अनेक देशांत एकाच सुमारास पाणपक्ष्यांची गणना होते, १९८७ पासून. यंदाच्या जानेवारीत आम्ही पुन्हा मोजणार आहोत. तुमच्या वहीतला आकडाही गटाच्या बैठकीत आणा, आपण आपल्या परिसरातल्या तळ्यांची मोजणी एका पानावर मांडू.

पुढच्या वेळी सांडव्याची जाळी कशी बसवली, तिला किती खर्च आला, ते सांगू. तोवर रामराम.